लाकडी घाण्याचं ‘पॅकेज’ साडेचार लाखांत : घ्यावं की नाही, कोणते प्रश्न विचारून ठरवायचं?

अंजनवेल

आम्ही दोघं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. लाकडी घाण्याचा व्यवसाय सुरू करून देणाऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव आला आहे. किंमत साडेचार लाख रुपये. त्यात ३ एचपी मोटरचा एक घाणा, गाळणी यंत्र, बाटल्या भरायचं छोटं यंत्र, दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यांचं नाव वापरायची परवानगी मिळणार आहे. त्यांचं म्हणणं असं :

एका घाणीत, म्हणजे एका वेळच्या गाळपात, १५ किलो शेंगदाण्यातून साडेसात लिटर तेल निघतं. दिवसाला ६ घाण्या होतात. विकलं गेलं नाही तर पहिलं वर्षभर ३०० रुपये लिटरने तेल ते परत घेतील. शिवाय सरकारी अनुदान ‘मिळतंच’.

आमच्याकडे ५० हजार आहेत, बाकीचे ४ लाख बँकेकडून घ्यावे लागतील. मोठा प्रकल्प अहवाल करायची आमची ऐपत नाही आणि तो वाचून समजेलच असंही नाही. असे पाच-सहा साधे प्रश्न सांगाल का, ज्यांची उत्तरं मिळाली की पुढे जायचं की इथेच थांबायचं ते कळेल? महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलंय.

---

हिशेबवही

प्रश्न साधे असायला हरकत नाही, पण उत्तर मात्र आकड्यात किंवा नावानिशी आलं पाहिजे. ‘मागणी भरपूर आहे’ हे उत्तर धरायचंच नाही. ‘दर महिन्याला अमुक इतकी घरं घेतील आणि त्यांतली ही वीस नावं’ असं आलं तर ते उत्तर. क्रमही पाळा. बहुतेक जण यंत्रापासून सुरुवात करतात आणि गिऱ्हाइकावर शेवटी येतात. तोवर कर्ज मंजूर झालेलं असतं आणि नाही म्हणायला जड जातं.

पहिला प्रश्न : एका लिटरमागे हातात किती उरतं?

खालचे दर उदाहरणादाखल घेतलेत. त्या जागी तुमच्या बाजारातले घाला, रीत तीच ठेवा.

एका घाणीला १५ किलो शेंगदाणे, १२० रुपये किलोने १,८०० रुपये. तेल वजनाच्या ४० टक्के धरलं तर ६ किलो. निवळताना खाली बसणारा गाळ वजा केला की पावणेसहा किलोच्या आसपास राहतं. एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे साधारण ६.३ लिटर. पेंड साडेआठ किलो, ३५ रुपयांनी सुमारे ३०० रुपये सुटतात. कच्च्या मालाचा निव्वळ खर्च १,५०० रुपये, म्हणजे लिटरला २३८. वीज तीन-साडेतीन रुपये. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून १८. एकूण २६० धरा.

३२० ला थेट घरी विकलं तर ६० रुपये उरतात. दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने १२ टक्के घेतले तर ३८ रुपये तिकडेच जातात आणि तुमच्याकडे २२ राहतात.

दुसरा : दरमहा किती लिटर गेलं तर खर्च निघतो?

भाडं ६,०००, घाण्यावरचा माणूस १४,०००, किरकोळ २,०००. ४ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ८,७००. बेरीज ३०,७००.

थेट विक्रीत ३०,७०० भागिले ६० म्हणजे ५१२ लिटर. सगळं दुकानांतून विकायचं तर भागिले २२, म्हणजे जवळपास १,४०० लिटर. आता घाण्याची क्षमता पाहा : दिवसाला ६ घाण्या, महिन्याला २५ दिवस, ९४५ लिटर. म्हणजे निव्वळ दुकानांच्या भरवशावर हा घाणा रोज पूर्ण वेळ चालला तरी खर्च भरून निघत नाही. एवढी एक ओळ कागदावर मांडली की बरीच चर्चा संपते.

आणि यात तुमच्या दोघांची मेहनत कुठेच धरलेली नाही. घरात २० हजार यायला हवे असतील तर ५०,७०० भागिले ६०, म्हणजे ८४५ लिटर. घाणा जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालायला हवा, आणि तेही सगळं थेट विकून.

तिसरा : तेवढं तेल घेणारी माणसं कोण?

घाण्याच्या तेलाला घरटी महिना ३ लिटर धरा. ५१२ लिटरला १७० घरं लागतात, ८४५ ला सुमारे २८०. ओळखीच्या चाळीस घरी जा आणि ‘घ्याल का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘दोन लिटरचे पैसे आज देता का, तेल पंधरा दिवसांनी पोचवतो’ असं विचारा. पैसे किती जणांनी काढले तेवढंच मोजायचं.

चौथा : कुठली एक गोष्ट बिघडली तर सगळं बिघडतं?

इथे ती गोष्ट म्हणजे शेंगदाण्याचा दर. १२० चे १३५ झाले तर १५ किलोमागे २२५ रुपये वाढतात, म्हणजे लिटरला ३६. तुमचे ६० रुपये २४ वर येतात. तेव्हा भाव वाढवला तर गिऱ्हाईक टिकेल का, हे आजच विचारून घ्या.

पाचवा : सगळं फसलं तर किती जातं, आणि ते झेपेल का?

घाणा जुना म्हणून विकला तर काय मिळेल ते दोन ठिकाणी विचारा. साडेचार लाखांतून ते वजा करा. जे उरेल ते बुडालं तर घर कशावर चालेल याचं उत्तर दोघांनी मिळून द्यायचंय. एकट्याने दिलेलं उत्तर चालणार नाही.

---

रानवाटा

हिशेबवहींची मांडणी बरोबर आहे. मी साडेसात लिटरच्या दाव्याबद्दल लिहितो, कारण तो वजनाच्या साध्या हिशेबातच अडकतो.

शेंगदाण्यात तेल असतं साधारण ४५ ते ५० टक्के. ४८ धरलं तर १५ किलोत ७.२ किलो. साडेसात लिटर म्हणजे ६.८ किलो बाहेर आलं, मग पेंडीत उरलं जेमतेम ४०० ग्रॅम, पाच टक्क्यांहूनही कमी. लाकडी घाणा इतका कोरडा पिळत नाही. घाण्याच्या पेंडीत तेल बरंच राहतं, म्हणून तर गवळी ती आवडीने नेतात. समोर बसून एक घाणी काढून दाखवा म्हणा. तेल लिटरमध्ये मोजू नका, किलोवर तोला, आणि तेही दोन दिवस निवळल्यावर. ताज्या तेलात गाळ आणि फेस असतो, त्यामुळे माप फुगतं. दाणे तुमच्या बाजारातून तुम्हीच न्या. दाखवायला ठेवलेला माल निवडलेला, जाड आणि तेलकट असतो.

उतारा, म्हणजे दाण्यांतून निघणाऱ्या तेलाचं प्रमाण, ४० वरून ३६ टक्क्यांवर आला तर लिटरमागे सुमारे २३ रुपये जातात. तो का घसरतो? बारीक, सुरकुतलेले, अपक्व दाणे असले तर. दाणे जुने असले तर. पाणी कमी-जास्त पडलं तर. घाण्यात दाणे बारीक झाले की थोडं पाणी शिंपडावं लागतं. कमी पडलं तर तेल सुटत नाही, जास्त पडलं तर तेल गढूळ येतं आणि लवकर खवट होतं. हा अंदाज दोन दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही. म्हणून पाचाच्या जोडीला माझा एक प्रश्न घ्या : घाण्यावर बसणारा माणूस सोडून गेला तर दुसऱ्या दिवशी घाणी कोण काढणार? उत्तर ‘आम्ही दोघांपैकी एक’ असं येत नसेल तर अजून शिकायचं बाकी आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. दाण्यात ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली हवा. ओले दाणे पोत्यात राहिले की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं तिचं विष तयार होतं. रिफायनरीत तेलावर प्रक्रिया होताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलावर तशी प्रक्रिया होतच नाही. त्याचा मोठा भाग पेंडीत जातो, पेंड दुभत्या जनावराला घातली की दुधात उतरतो. त्यामुळे काळे पडलेले, बुरशीचे, फुटके दाणे हाताने निवडून काढायचेच. १५ किलोत अर्धा किलो निवडून गेला तर त्याचे ६० रुपयेही खर्चात धरा. बहुतेक कोष्टकांत हा आकडा नसतो.

साठ्याचंही विचारा. खरिपाचा भुईमूग दिवाळीच्या आगेमागे निघतो, उन्हाळी मे-जूनमध्ये. आवक असते तेव्हा दर उतरतात, पण तेव्हा घ्यायला रोख लागते. ५१२ लिटरला महिन्याला सव्वाबारा क्विंटल शेंगदाणे लागतात, म्हणजे १२० च्या दराने जवळपास दीड लाख रुपयांचा माल. हे खेळतं भांडवल साडेचार लाखांत आहे का? पॅकेजमध्ये ते नसतं. घाणा आला पण दाण्याला पैसे नाहीत, म्हणून आठवड्यातले तीन दिवस बंद, हे फार ठिकाणी दिसतं. आणि लाकडी घाणा बंद ठेवणं चांगलं नाही. उन्हाळ्यात लाकूड वाळून उखळीला तडे जातात.

---

वनजा_मो

अंजनवेल ताई, परत घेण्याच्या हमीबद्दल आणि अनुदानाबद्दल लिहिते. तुमचा निर्णय याच दोन गोष्टींवर झुकलेला दिसतोय.

हमी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : तुमची कमाई तेल विकून होते की घाणे विकून? तेल विकून होत असेल तर ते तेल कुठल्या नावाने, कुठल्या दुकानांत, काय भावाने विकलं जातं ते ते दाखवू शकतील. घाणे विकून होत असेल तर नवा घेणारा मिळतोय तोवरच जुन्याचं तेल परत घेतलं जातं. तमिळनाडूत २०१२ मध्ये उघडकीला आलेलं इमूपालनाचं प्रकरण आणि आपल्याकडे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात गाजलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण, दोन्हींत मेख हीच होती. पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घेऊ म्हणणारी कंपनी हीच मुख्य गिऱ्हाईक. बाहेरच्या बाजारात त्या भावाने घेणारं कोणी नव्हतं. कंपनी थांबली त्या दिवशी मालाची किंमत पडली.

तुमच्या बाबतीत तेलाला बाहेर बाजार आहे, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा. तरी करारात हे शब्द दिसतात का ते पाहा : महिन्याला किमान किती लिटर घेणार; तेल कुठे पोचवायचं आणि वाहतूक कोणाची; पैसे किती दिवसांत; ‘गुणवत्ता योग्य असल्यास’ असं लिहिलं असेल तर ती कोण, कुठल्या कसोटीवर ठरवणार; नाही घेतलं तर भरपाई काय. ‘गुणवत्ता योग्य असल्यास’ या तीन शब्दांवर अख्खी हमी नाकारता येते. कसोटी लेखी मागा : आम्लता किती चालेल, ओलावा किती चालेल, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाईल.

आणि दोन वर्षांपूर्वी पॅकेज घेतलेल्या तीन जणांचे पत्ते मागा. कंपनी देईल ती तीन नावं निवडकच असणार, म्हणून त्यांच्याकडून चौथं नाव घ्या आणि त्याच्याकडे जा. तिथे भाषण ऐकू नका. मागच्या सहा महिन्यांची वीजबिलं पाहायला मिळतात का बघा. ३ एचपी मोटर तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास घेते. दिवसाला ६ तास, २५ दिवस, म्हणजे सुमारे ३३५ युनिट. बिलावर ८० युनिट असतील तर घाणा किती चाललाय ते कळलं.

अनुदान ‘मिळतंच’ असं नाही. ते बहुधा केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेबद्दल बोलत असावेत. ती २०२० ला सुरू झाली. तीत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, स्वतःचा वाटा किमान १० टक्के लागतो. ते कर्जाशी जोडलेलं आहे. हातात रोख येत नाही. रक्कम बँकेत वेगळी ठेवली जाते आणि ३ वर्षं खातं नियमित व युनिट चालू असेल तर कर्जात वळती होते. म्हणजे धंदा दुसऱ्या वर्षी बंद पडला तर ज्या अनुदानावर भरवसा ठेवून उडी मारली तेच हातचं जातं. म्हणून हिशेब अनुदान शून्य धरून करा. तसा जमला तरच अर्ज करा. योजना सध्या चालू आहे का, नवे अर्ज घेतात का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल दोन्हींत मदत करते.

---

अंजनवेल

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत जेवढं जमलं तेवढं केलं :

चाळीस घरी विचारलं. २२ जणांनी ‘छान आहे, सुरू करा’ म्हटलं. दोन लिटरचे पैसे सहा जणांनी दिले. तालुक्यात दोन घाणे आधीच आहेत, एक ३०० ला विकतो, दुसरा ३४० ला. ३०० वाला दुसऱ्यांचे दाणे किलोला १५ रुपये घेऊन गाळून देतो. खेळत्या भांडवलाचं कंपनीला विचारलं तर ‘ते तुम्ही बघायचं’ म्हणाले. करारात किमान लिटर लिहिलेले नाहीत आणि ‘गुणवत्ता योग्य असल्यास’ हे शब्द आहेत.

सहा म्हणजे फारच कमी का? आणि महिनाअखेरची मुदत पाळायची का?

---

हिशेबवही

सहा हा आकडा वाईट नाही, अपुरा आहे. चाळीसात सहा म्हणजे १५ टक्के. १७० घरं हवीत तर याच प्रमाणात साधारण ११०० घरांपर्यंत पोचावं लागेल, आणि त्या सहांतले किती जण दुसऱ्यांदा घेतील ते अजून माहीत नाही. तेलाच्या धंद्यात पहिली बाटली कुतूहलाने जाते. दुसरी वासावर आणि तळणात फेस येतो की नाही यावर ठरते. फेस बरेचदा गाळामुळे येतो, म्हणून निवळायला तीन-चार दिवस द्या, घाईने भरू नका.

मुदतीचं उत्तर सोपं आहे. संधी खरी असेल तर घाणा पुढच्या महिन्यातही मिळतो, घाणे करणारे अनेक आहेत. नुसत्या यंत्राचं कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून मागवा, साडेचार लाखांत यंत्र किती आणि नाव किती ते दिसेल.

तुम्हाला सर्वांत मोलाची माहिती मिळाली ती १५ रुपये किलोने गाळून देणाऱ्या घाण्याची. घाणा न घेताच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं. असं करा :

१०० किलो निवडलेले दाणे, १२,००० रुपये. गाळणावळ १,५००. तेल ४२ लिटर. बाटल्या-लेबलं १८ च्या दराने ७५६. पेंड सुमारे ५७ किलो परत घ्या, तिचे २,००० येतील. निव्वळ खर्च सव्वाबारा हजार, लिटरला २९२. ३२० ला विकलं तर लिटरमागे २८ सुटतात. पैसा फार नाही, पण सगळं तेल पडून राहिलं तरी जातात फक्त सव्वाबारा हजार, साडेचार लाख नाहीत.

असं तीन महिने, महिन्याला एकदा. वहीत तीनच रकाने : घराचं नाव, कधी घेतलं, पुन्हा कधी घेतलं. आणि रेघ आजच आखा. तिसऱ्या महिन्यात न विचारता पुन्हा मागणारी घरं ६० च्या वर गेली तर घाण्याचा विचार करा. ३० च्या आत राहिली तर थांबा. मध्ये असली तर आणखी दोन महिने दुसऱ्याच्याच घाण्यावर काढा. रेघ नंतर आखली तर ती मनासारखी सरकते.

---

वनजा_मो

एक अडचण लक्षात घ्या. चाचणी म्हणून विकलं तरी ते विकणंच आहे. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, तेल बंद बाटलीतच द्यावं लागतं. त्यामुळे आधी अन्नसुरक्षेची नोंदणी करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर अर्ज होतो. नोंदणी पुरेल की परवाना लागेल ते उलाढालीवर ठरतं. लेबलवर नोंदणी क्रमांक, कोणी गाळलं, कोणी विकलं, बॅच, पॅकिंगची तारीख, निव्वळ माप, एमआरपी आणि हिरवा ठिपका हवा. ज्यांच्या घाण्यावर गाळाल त्यांचाही क्रमांक लागेल. त्यांच्याकडे तो नसेल तर तिथे गाळू नका. सहा जणांना पंधरा दिवस सांगितलेत ना? त्यांना फोन करून महिना मागा, कोणाला पैसे परत हवे असतील तर देऊन टाका.

---

रानवाटा

त्या घाण्यावर जाल तेव्हा नुसते दाणे देऊन येऊ नका, तिन्ही वेळा पूर्ण घाणी होईपर्यंत उभे राहा. पाणी कधी आणि किती घातलं, लाट (उखळीत फिरणारा दांडा) किती वेळ फिरली, दाणे किती तोलले, निवळलेलं तेल किती आणि पेंड किती, सगळं लिहा. तेल आणि पेंड मिळून दाण्यांच्या वजनाच्या बरंच खाली आलं तर माल कुठेतरी राहतोय.

आणि त्यांना एवढं विचारून घ्या : दिवाळीनंतर शेतकरी घरचे दाणे गाळायला किती आणतात? किलोला १५ रुपयांनी एका घाणीचे २२५ होतात. दिवसाला तीन घाण्या गाळणावळीच्या मिळाल्या तर ६७५ रुपये, त्यात दाण्यात पैसा गुंतत नाही आणि दराचा धोकाही नाही. वीज आणि माणसाचा पगार तेवढा त्यातून जातो. तुमच्या गावाच्या दहा किलोमीटरच्या आत भुईमूग किती होतो, आणि लोक तो घरी ठेवतात की सगळा बाजार समितीत घालतात, हे तलाठी आणि कृषी सहायकांकडून कळेल. करडईही विचारा, पण तिचा उतारा शेंगदाण्यापेक्षा बराच कमी असतो, तिचा हिशेब वेगळ्या पानावर मांडा. पुढेमागे घाणा घेतलात तर जागा ठरवायच्या आधी वीज जोडणी औद्योगिक दराने मिळेल का ते महावितरणच्या उपविभागात लेखी विचारा. दुकानाच्या गाळ्यात व्यापारी मीटर असेल तर युनिट महाग पडतं.